सव्वीस कोरी लेबलं

तुमच्याकडे पार्सल आणणारा माणूस दारात उभा राहून हातातलं यंत्र पुढे करतो, तुम्ही त्यावर बोटाने सही करता आणि तो निघून जातो. मागच्या वेळी तुम्ही मला ते व्हिडिओवर दाखवलंत, तेव्हा मी म्हणाले होते की असं यंत्र मी चार हंगाम रोज पाहिलेलं आहे. तुम्हा दोघा नातवंडांना ते खरं वाटलं नाही. म्हणून ते यंत्र ज्यांच्या गळ्यात असायचं, त्या गृहस्थांविषयी लिहिते. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्या जामसंड्यात त्यांना नावाने हाक मारणारं त्यांच्या बायकोखेरीज कोणी नव्हतंच. बाकी सगळे त्यांना लेबलवाले म्हणत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर इथल्या आंबा बागायतदारांच्या गटाने मला इंग्रजी पत्रव्यवहारासाठी बोलावलं. गटाची एक पत्र्याची शेड होती, तिच्या कोपऱ्यात टेबल, खुर्ची आणि संगणक. गटाचे आंबे निर्यात केंद्रात जात. केंद्राची अट अशी की प्रत्येक क्रेटवर लेबल हवं आणि त्यावरून आंबा कोणत्या बागेतला, कोणत्या दिवशी उतरवलेला, हे कळलं पाहिजे. त्यासाठी गटाने दोन वस्तू आणल्या. एक हातात मावणारं यंत्र, जाडजूड मोबाईलसारखं, आणि दुसरा कमरेच्या पट्ट्याला लटकणारा छोटा प्रिंटर. यंत्रावर बागेचा क्रमांक दाबला की मधे कुठलीही तार नसताना कमरेवरचा प्रिंटर खर्र करून लेबल बाहेर सोडी. तीच नोंद रेंज असेल तर लगेच, नसेल तर मिळेल तेव्हा, माझ्यासमोरच्या संगणकात येऊन पडे.

हे काम करायला कोणी तयार नव्हतं. हंगामात दिवसभर कातळावरच्या उन्हात बाग-बाग फिरायचं, आणि त्यातही यंत्र हातात. लेबलवाले मुंबईत एका गोदामात नोकरी करून नुकते गावी परतले होते. ते स्वतःहून आले आणि अध्यक्षांना म्हणाले, "माका देया. माका हेचीच आवड आसा."

पहिल्या दिवशी ते जसे दिसले तसेच शेवटपर्यंत दिसले. उंच, काटकुळे, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. गळ्यात गोफाच्या दोरीला यंत्र, कमरेला प्रिंटर, खांद्यावर कापडी पिशवी. यंत्राला त्यांनी आपल्या जुन्या बनियनचा अंगरखा शिवला होता, उन्हाने तापू नये म्हणून. दुपारी जेवायला बसताना ते आधी यंत्राची सोय लावत. माठाशेजारी ओलं फडकं अंथरून, त्यावर पाट ठेवून, त्या पाटावर यंत्र. मग स्वतः तापलेल्या पत्र्याला पाठ टेकून भाकरी खात. मी एकदा म्हटलं, तुम्हीही माठाजवळ बसा की. ते म्हणाले, "माका काय होता? मी गरम झालंय तर बंद पडणंय नाय."

त्यांची एक गंमत माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. माणसांशी ते मालवणीत बोलत, पण यंत्र हातात असलं की शुद्ध मराठीत. यंत्राला ते 'आपण' म्हणत. रेंज गेली की मोठ्या कातळावर चढून हात वर करून उभे राहत आणि हळू आवाजात म्हणत, "थोडा प्रयत्न करा. आपल्याला दिसेल." गडी खाली बसून हसत. रेंज आली की ते खाली उतरत आणि त्याच गड्यांवर ओरडत, "काय रे मेल्यांनो, दात कित्या काढतास? क्रेट भरलास काय?"

त्यांना तोंडी सांगितलेलं काहीही चालत नसे. कोणी म्हणालं, आज माझे बारा क्रेट झाले, तर ते छातीवरच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणत, "माका सांगू नको, हेका सांग." म्हणजे क्रेट आण, समोर ठेव, मी पाहतो, छापतो, मग ते बारा. अध्यक्षांनासुद्धा यातून सूट नव्हती. अध्यक्षांची बाग सगळ्यांत मोठी. ते एकदा चिडून म्हणाले, "मी अध्यक्ष आसंय, माझ्या शब्दार इस्वास नाय?" लेबलवाले शांतपणे म्हणाले, "इस्वास आसा. पण तो खंय चिकटवू?"

या स्वभावाचं मूळ मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मुंबईच्या गोदामात एकदा एक खोका हरवला. तो यांनी कोणाच्या तरी हाती दिला होता, पण दिल्याचं नुसतं तोंडाने सांगितलं होतं. घेणारा नाही म्हणाला. यांना तीन महिने घरी बसवलं. पुढे खोका सापडला, नोकरी परत मिळाली, पण माणूस बदलला. "तेव्हापासून कागदाशिवाय पाणी पिणत नाय," ती म्हणाली.

तिच्या स्वयंपाकघरात मी एकदा गेले होते. वाया गेलेली, वाकडी छापलेली लेबलं ते घरी नेत आणि त्यांच्या पाठीमागे पेनाने लिहून डब्यांना खळीने चिकटवत. मीठ. तिरफळं. कुळथाचं पीठ. फोडणीच्या डब्यातल्या प्रत्येक वाटीलासुद्धा. मी म्हटलं, बरंच व्यवस्थित आहे. ती म्हणाली, "होय तर. घरात आता फक्त मीच रवलंय. माझ्यार खंय चिकटवचा तां तेंका अजून समाजलेला नाय."

जत्रेतल्या चपलांची गोष्ट इथे अजून सांगतात. देवीच्या जत्रेत दरवर्षी देवळाबाहेर चपलांचा ढीग पडतो आणि दरवर्षी कोणीतरी दुसऱ्याच्या चपला घालून जातो. एका वर्षी लेबलवाल्यांनी देवस्थानाला सुचवलं की मी ही व्यवस्था पाहतो. गटाची परवानगी घेतली, रोल स्वतःच्या खर्चाने आणला. चपलेवर एक लेबल, माणसाच्या हातात तोच क्रमांक असलेलं दुसरं. दोन तास सगळं इतकं सुरळीत चाललं की पुजाऱ्यांनीही बाहेर येऊन पाहिलं. मग मुंबईहून आलेले एक पाहुणे दर्शन घेऊन परतले, तर गर्दीत घामाने त्यांच्या हातातलं लेबल पडून गेलेलं.

"त्या काळ्या माझ्या," पाहुणे म्हणाले.

"आपला क्रमांक?" यंत्र हातात असल्यामुळे शुद्ध मराठी.

"क्रमांक पडलो खंय तरी. अरे, त्या माझ्यो चपलो, माका दिसतत हयसून."

"क्रमांकाशिवाय देता येणार नाही."

"मेल्या, मी तुझो मामेभाव."

"नात्याची नोंद यात नाही," लेबलवाले म्हणाले.

मामेभाऊ अनवाणी घरी गेला. संध्याकाळी सगळ्या चपला नेल्या गेल्यावर उरलेली एकच जोडी घेऊन लेबलवाले स्वतः त्याच्या घरी गेले, चपला दारात नीट जोडून ठेवल्या, आणि मिळाल्याची सही घेतली. पुढच्या वर्षी देवस्थानाने चपलांचा ढीगच बरा असं ठरवलं.

आता त्यांच्या कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं तिच्यावरच उभं आहे. आंबा देठासकट उतरवतात. देठ तुटला की चीक उडतो आणि हाताला लागला की कातडी भाजल्यासारखी काळी पडते. तो पाण्याने जात नाही. लेबलवाल्यांना चिकाचा राग होता, तो हातांसाठी नव्हे तर लेबलांसाठी. चिकाचा डाग पडला की त्यावरच्या रेघा केंद्रातल्या यंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून लेबल चिकटवणाऱ्या माणसाचे हात ते आधी तपासत, शाळेत आम्ही नखं तपासायचो तसे. मोठ्या बागांत काम करणारे गडी हातमोजे घालत, ते मोजे काढून घ्यायचे की झालं. पण जिथे घरचीच माणसं आंबे उतरवत, तिथल्यासाठी लेबलवाले पिशवीत खोबरेल तेलाची बाटली बाळगत. आधी तेल, मग फडकं, मग लेबल. तेलाने चीक सुटतो, हे खरं आहे. पहिले तीन हंगाम त्या बाटलीची वेळच आली नाही, कारण घरच्या माणसांनी उतरवलेले क्रेट इतके थोडे असत की त्यांची लेबलं लेबलवाले स्वतःच, कोरड्या हाताने लावत.

चौथ्या वर्षी गटात एक नवी बाग आली. कातळावरची तीसेक कलमं, आणि ती सांभाळणारी एक बाई. तिला सगळे वैनी म्हणत. माहेर कट्टा गावचं. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. आधी ती आंबा दलालाला देत असे. गटात यायला तिने दोन वर्षं अर्ज केले होते. अध्यक्षांना एकट्या बाईची बाग नको होती. "आज आसा, उद्या म्हणतली झेपणा नाय," असं ते म्हणत. शेवटी केंद्राची मागणी वाढली म्हणून तिला घेतलं, पण एक हंगाम पाहू, या अटीवर.

एप्रिलच्या मध्यावर एका दिवशी पाच बागांमधून एकशे चाळीस क्रेट गेले. वैनीकडे त्या दिवशी गडी मिळाला नव्हता. तिने आणि तिच्या जावेने मिळून सव्वीस क्रेट भरले. लेबलवाल्यांना पुढची बाग गाठायची घाई होती. हातांचं तेल-फडकं झाल्यावर त्यांनी लेबलं छापून वैनीच्या हातात दिली आणि ते गेले. टेम्पो बागांमधूनच क्रेट उचलत गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात पोचला.

तिसऱ्या प्रहरी मला फोन आला. सव्वीस क्रेटवरची लेबलं कोरी आहेत. फाटलेली नाहीत, निघालेली नाहीत, पांढरी स्वच्छ कोरी. आणि त्या क्रेटमधले काही आंबे कापून पाहिले तर साका आहे. साका म्हणजे आंबा बाहेरून सुरेख, पण आत बाठीजवळ पांढरट, आंबट, स्पंजासारखा. तो कोणाच्याही बागेत होतो, एखाद्या वर्षी उन्हाने, एखाद्या वर्षी उगीचच, आणि बाहेरून ओळखता येत नाही. केंद्राचं म्हणणं इतकंच होतं की हे क्रेट कोणाचे आणि लेबलं कशी गेली, ते लेखी कळवा. नाहीतर गटाचा माल बंद.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये बैठक झाली. लेबलवाल्यांनी यंत्रातल्या एकशे चाळीस क्रमांकांतून केंद्राला वाचता आलेले एकशे चौदा वजा केले आणि उरलेले कमरेच्या प्रिंटरवर छापले. हातभर लांब पट्टी निघाली. ती त्यांनी वाचून दाखवली. सव्वीसही क्रमांक वैनीच्या बागेचे होते.

वैनी तिथेच दाराशी उभी होती. अध्यक्ष तिला म्हणाले, "घरात चार आंबे कापून बगलास आसतलास. साको दिसलो. मगे लेबला पुसलास, बाग कळू नये म्हणान."

"मी पुसूक नाय," ती म्हणाली.

"मगे कोणी पुसल्यान? करोनातल्या सॅनिटायझरच्यो बाटल्यो अजून घराघरात आसत. एक हात फिरवलो की झाला."

"मी पुसूक नाय म्हणतंय मां."

मग तिने लेबलवाल्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लेबलवाले यंत्राकडे पाहत होते. ते म्हणाले, "लेबलं छापल्याची नोंद आहे. पुढची नोंद यंत्रात नाही."

ती निघून गेली. तिचा माल त्या हंगामापुरता बंद, असं ठरलं. अध्यक्षांनी मला सांगितलं, "बाई, केंद्राक लिवा. लेबला बागायतदारान मुद्दाम पुसली, गटाची चूक नाय." मी लिहिलं. कोणी पाहिलं का, कशावरून, असं मी विचारलं नाही. गणित समोर होतं आणि ते बरोबर होतं. पत्र इंग्रजीत होतं, व्याकरण निर्दोष होतं, आणि रात्रीच्या जेवणाआधी ते गेलंसुद्धा.

तीन दिवसांनी सकाळी लेबलवाले माझ्या घरी आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. यंत्र गळ्यात नव्हतं, त्यामुळे ते मला जरा अनोळखी वाटले. पाणी प्यायले आणि विचारलं, "बाई, त्या पत्रात काय लिवलास?"

मी सांगितलं.

"मुद्दाम, असा लिवलास?"

"हो."

त्यांनी पिशवी पुढे ओढली आणि तिच्यातून लेबलांची एक चळत काढून माझ्या टेबलावर ठेवली. जादा छापली गेलेली लेबलं ते पिशवीत ठेवत. पिशवीत तेलाची बाटली झिरपली होती. वरची दहा-बारा लेबलं तेलकट होती आणि पूर्ण कोरी. खालची कोरडी होती, त्यांवरचं अक्षर न् अक्षर शाबूत.

"ह्या काल रात्री बगलंय," ते म्हणाले. "तरी मनात म्हटलंय, खात्री करूया."

खात्री त्यांनी त्यांच्याच पद्धतीने केली. आठ रिकामे क्रेट घेतले. चारांना कोरड्या हाताने लेबलं लावली, चारांना तेल लावून फडक्याने पुसलेल्या हाताने. टेम्पोवाल्याला सांगून ते क्रेट बंद टेम्पोत उन्हात उभे केले. दुसऱ्या दिवशी दुपारी मलाही बोलावलं. चार लेबलं जशीच्या तशी. उरलेल्या चारांवर नीट पाहिलं तर एका कोपऱ्यात 'बाग' एवढं पुसट दिसत होतं, बाकी काही नाही.

मी घरी जाऊन यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काढली. या कागदावर शाई नसते. कागदालाच एक लेप असतो, प्रिंटर त्याला चटका देतो आणि तेवढं काळं होतं. लेप विरघळला की अक्षर गेलं. शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की लेबलांना तेल लागू देऊ नये. ती पुस्तिका पहिल्या वर्षी मीच त्यांना मराठीत करून दिली होती, चार पानांत, महत्त्वाचं तेवढं. शेवटचं पान मी सोडलं होतं. कागदाला तेल कोण लावील, असं मला वाटलं असावं. नक्की आठवत नाही.

मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तुमी लिवलास असता तरी मी तेल दिलाच असता. माका चीक दिसा होतो, बाकी कायच दिसा नाय होता."

आम्ही दोघं अध्यक्षांकडे गेलो. लेबलवाल्यांनी दोन क्रेट बरोबर घेतले होते, एक अक्षरांचा, एक कोरा. अध्यक्षांनी दोन्ही पाहिले, पुढचं मागचं विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बरा. कळला. आता गप रवा."

"गप कसा रवतलंय?"

"अरे, केंद्रान पत्र मान्य केल्यान. गट सुटलो. आता तुमी सांगतलास की गटाच्याच माणसान तेल लावूक लावला, तर उरलेल्या हंगामात एकेक क्रेट उघडून तपासतले. चाळीस बागा अडाकतल्यो एका बाईसाठी."

"पण तिना पुसूक नाय."

"ह्या तुमच्या मशीनीत आसा? तेल दिल्याची नोंद आसा खंय?"

"नाय," लेबलवाले म्हणाले. "म्हणानच माका तोंडान सांगूक व्हया."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की पहिलं पत्र मी लिहिलेलं आहे, तेव्हा ते मीच दुरुस्त करणार. त्यांनी त्यावर सही करायला नकार दिला. तो त्यांचा अधिकार होता. दुसरं पत्र माझ्या आणि लेबलवाल्यांच्या सहीने गेलं. त्यांना मी ते वाक्य-वाक्य मराठीत समजावून सांगितलं. एका ठिकाणी मी 'तेल वापरले गेले' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "कोणी वापरला तां लिवा." मी 'तेल मी दिले' असं केलं.

अध्यक्षांचं भाकीत खरं ठरलं. केंद्राने महिनाभर गटाचा प्रत्येक क्रेट उघडून तपासला. टेम्पो तासन्‌तास खोळंबत. बागायतदार शेडमध्ये येऊन लेबलवाल्यांना नाही नाही ते बोलून गेले, मलाही दोघातिघांनी ऐकवलं. गटाने यंत्र त्यांच्याकडून काढून घेतलं आणि अध्यक्षांच्या पुतण्याला दिलं. वैनीचे सव्वीस क्रेट परत आलेच, साका होता तो होताच. पण तिचा माल पुन्हा सुरू झाला, आणि पुसल्याचा ठपका गटाच्या वहीतून काढला गेला. ती ओळ मीच खोडली आणि बाजूला तारीख घातली.

यंत्र काढून घेतलं त्याच दिवशी लेबलवाले मला म्हणाले की वैनीकडे जायचं आहे, बरोबर याल का. आम्ही चालत गेलो. ती खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आमसुलं उलटवत होती. आम्हाला पाहून उठली, खुर्च्या मांडल्या, चहा टाकला. लेबलवाले उभेच राहिले आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. तेल मी दिलं, त्याने लेबलं गेली, तू काही केलं नाहीस, हे मी केंद्राला लिहून दिलं. एखादा धडा म्हणून दाखवावा तसं, न थांबता.

"माका म्हायत होता," वैनी म्हणाली.

लेबलवाल्यांनी मान वर केली.

"एक लेबल जादा इल्ला. तां मी घरात, खांबार चिकटवलेलंय. दुसऱ्या दिवशी बघतंय तर कोरा. हात तेलाचो, आणखी काय? तेव्हाच कळला."

"मगे बैठकीत बोललंस कित्या नाय?" लेबलवाल्यांनी विचारलं.

"बोललंय मां. पुसूक नाय म्हटलंय. तेलाचा सांगूचा तुमी होता, तेल तुमचा. मी सांगलंय असतंय तर म्हटलास असतास, नोंद नाय. म्हणान तुमच्याकडे बघत रवलंय."

लेबलवाले खुर्चीवर बसले. चहा आला. मग वैनीने आत जाऊन एक वही आणि पेन आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"आता माझा एक काम करा. हेंका लिवन देया."

हेंका म्हणजे नवऱ्याला. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी गावातल्या कोणीतरी सगळी हकीकत त्याला जहाजावर कळवली होती. तुझ्या बायकोने लेबलं पुसली, गटातून काढली. त्याचा फोन आला होता. त्याने एवढंच विचारलं होतं, खरं काय? तिने सांगितलं होतं. "बरा," असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. त्यानंतर त्याचा फोन नव्हता, मेसेज नव्हता. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की असं होतं, असं ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "कदाचित."

मी म्हटलं, मी लिहून देते, मला सवय आहे. ती म्हणाली, "नको बाई. तेल तेंचा, लिवचा तेंनीच. आणि तुमी आधी एक लिवलासच."



लेबलवाल्यांनी लिहायला घेतलं. वर्षानुवर्षं त्यांच्या हातून डब्यांवरच्या एकेका शब्दापलीकडे काही लिहिलं गेलं नव्हतं. अक्षर मोठं, सुटं सुटं, ओळ वर चढत जाणारी. चार ओळींना त्यांना अर्धा तास लागला. मधे त्यांनी एकदा मला 'निर्दोष' कसं लिहायचं ते विचारलं आणि मग तो शब्द न वापरता 'तिने काही केले नाही' असं लिहिलं. खाली सही केली, सहीखाली पूर्ण नाव, नावाखाली गाव. वैनीने ते दोनदा वाचलं, मोबाईलवर फोटो काढला आणि पाठवला.

मोबाईल तिने ओट्याच्या कठड्यावर उभा करून ठेवला. फोटोखाली एकच टिक आली होती. म्हणजे इथून गेला, तिकडे पोचला नाही.

"आता जावा तुमी," ती म्हणाली. "रेंजीत इल्यार बघतले ते. आज नायतर उद्या."

"बसतंय मी," लेबलवाले म्हणाले.

"जेवणाचा काय?"

"तुमी तुमचा काम करा. मी बसतंय."

ती आमसुलांकडे गेली. ऊन खळ्यातून सरकून ओट्यावर आलं, तरी ते जागचे हलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या मोबाईलकडे पाहत राहिले. बराच वेळ गेल्यावर वैनी आत गेली आणि त्यांच्यासाठी ताट वाढून घेऊन आली. तेव्हा मी उठले आणि एकटीच घरी परतले.